आभाळ बघून कोंबडी रवणाला बसवा

मृगापासून पत्रं वाढायला लागतात आणि श्रावणापर्यंत टोपली भरते. बहुतेकांचं दुखणं एकच असतं: कोंबडी तीच, खाणं तेच, मग मागच्या महिन्यात सुरळीत चाललेलं आता का बिनसलं? म्हणून पत्र उघडलं की मी आधी त्यावरची तारीख बघते, मजकूर नंतर वाचते.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. मी घणसोली गावठाणात राहते. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हा आमची भातशेती गेली. घरामागची चार हात जागा राहिली आणि त्या जागेत आजीच्या कोंबड्या राहिल्या. आज माझ्याकडे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. इथे लिहिते ते आजीकडून आणि त्यांच्याकडून शिकलेलं. औषधाचा प्रश्न आला की मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही.

ताई, माझी गावठी कोंबडी जूनच्या सुरुवातीला खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली. मी तिच्याखाली सोळा अंडी ठेवली. त्यातली काही पंधरा-सोळा दिवस साठवलेली होती. एकविसाव्या दिवशी पाचच पिल्लं निघाली आणि आठवड्याच्या आत त्यातली चार मेली. माझं काय चुकलं?
– एक भगिनी, कोलशेत, ठाणे

ताई, चार पिल्लं हातात मरताना बघितली असतील तुम्ही. वाईट वाटणारच. तुमच्या पत्रात तीन गोष्टी दिसतात, एकेक घेऊ.

सोळा अंडी गावठी कोंबडीच्या पोटाखाली मावत नाहीत. दहा, फार तर बारा. ती चोचीने अंडी सारखी आतबाहेर फिरवत असते. त्यामुळे जास्तीची चार अंडी तेवढीच थंड पडतात असं होत नाही. आज ही चार कडेला येतात, उद्या ती चार, आणि पाळीपाळीने सगळ्याच अंड्यांना गारठा लागतो.

दुसरं म्हणजे साठवण. थंडीच्या दिवसांत रवणाची, म्हणजे उबवायला बसवायची अंडी सात दिवसांपर्यंत ठेवलेली चालतात. मे-जूनमध्ये चारच दिवस धरा. आपल्याकडे तेव्हा घरातच तीस-बत्तीस अंश असतात. एवढ्या उबेत अंड्यातला जीव धड वाढतही नाही आणि निजूनही राहत नाही, अर्धवट जागा होऊन आतच मरतो. आजी मडक्यात भाताचं तूस भरायची, त्यात अंडी निमुळतं टोक खाली करून उभी लावायची आणि ते मडकं मोरीजवळ ओल्या वाळूवर ठेवायची. फ्रिजमध्ये ठेवू नका आणि रवणाची अंडी धुऊही नका. कवचावर एक पातळ थर असतो, तो गेला की घाण आत शिरते.

सातव्या रात्री अंडी बघितली होतीत का? पुढच्या वेळी नक्की बघा. घरातले दिवे घालवायचे, मोबाइलच्या टॉर्चवर अंड्याचं जाड टोक टेकवायचं आणि बाजूने मुठीने झाकायचं. जिवंत अंड्यात एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती तांबड्या बारीक शिरा दिसतात, जाळ्याच्या मधोमध बसलेल्या कोळ्यासारख्या. नीट धरलं तर ठिपका हललेलाही दिसतो. चाळीस वर्षं बघतेय, तरी तो हलला की अजून माझा श्वास अडतो. जे अंडं नुसतं पिवळं, स्वच्छ दिसतं ते वांझ. ते काढून टाका, बाकीच्यांना जागा होते.

पण या दोन्ही चुका नसत्या तरी पिल्लं जगवणं तुम्हाला जड गेलंच असतं. रवणाला बसवायची वेळच चुकली होती. आमची आजी म्हणायची, "कोंबरीला पाऊस सोसतो, वल सोसत नाय." पिल्लाच्या अंगावर पहिले तीन-चार आठवडे जास्त करून लवच असते, खरी पिसं पुरती भरलेली नसतात. जून-जुलैत जमीन ओली, हवा ओली आणि ऊन नाही. आठवड्याच्या आत गेलेली पिल्लं बहुधा गारठ्याने गेली. जगली असती तर तिसऱ्या आठवड्यापासून पुढे रक्ती हगवणीचा धोका होता. तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल्या, उबदार जमिनीवर दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला बाधायच्या लायकीचे होतात. कोरड्या तुसावर त्यांचं तेवढं फावत नाही. तुमच्या उरलेल्या पिल्लाची विष्ठा रोज बघा. लालसर दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाण्यातून देण्याचं औषध मिळतं, पण उशीर झाला की त्याचा उपयोग होत नाही.

आमच्या घरी पहिलं रवण दिवाळी उरकल्यावर बसतं आणि शेवटचं माघात. हवा कोरडी असते, सकाळी कोवळं ऊन मिळतं, परसात किडामुंगी असते. पौषातलं पिल्लू मृगापर्यंत पाच-साडेपाच महिन्यांचं होतं, अंगावर पिसं भरलेली असतात, पाऊस त्याला काही करत नाही. त्यातले नर गटारीला तयार होतात आणि गावठी कोंबड्याला वर्षातला चांगला भाव तेव्हाच मिळतो. आजीने हा हिशेब कधी सांगितला नाही. तिच्या हाताला तो माहीत होता.

कोंबडी जूनमध्ये खुडूक झाली तर काय करायचं, हे पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. पाण्यात बुचकळू नका. बऱ्याच घरांत तसं करतात, मला ते बघवत नाही. खाली जाळी किंवा पट्ट्या असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी भरपूर द्या, बसायला गवत देऊ नका. पोटाला खालून वारा लागला की तिची खुडुकी उतरते.

मावशी, दिव्याला चाळीच्या मागे थोडी जागा आहे. खुराडं बांधायचंय. किती मोठं, कसं बांधू?
– एक तरुण वाचक, दिवा

दादा, दिव्यात पाणी भरतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून लांबी-रुंदीच्या आधी उंची ठरवा.

२६ जुलै २००५ च्या दिवशी माझं खुराडं जमिनीवर होतं. विटांचं, वर पत्रा, खाली शेणाने सारवलेलं. त्या दिवशी पाऊस आणि खाडीची भरती एकदमच आली. आम्ही माळ्यावर धान्य चढवत होतो. मागच्या दाराने बघितलं तोवर खुराड्याच्या दारापर्यंत पाणी आलं होतं आणि दार बाहेर उघडणारं होतं. पाण्याच्या रेट्याने ते उघडेना. चौदा कोंबड्या होत्या. नऊ आतच गेल्या. पाच वरच्या आडव्या काठीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, त्या माझ्या मुलाने पत्रा उचकटून काढल्या.

तेव्हापासून माझं खुराडं साडेतीन फूट उंच खांबांवर आहे आणि दार वर सरकतं. तळाला बांबूच्या कामट्या, बोटभर फटीच्या. विष्ठा खाली पडते, वारा खालून येतो. नैर्ऋत्येची आणि पश्चिमेची बाजू पूर्ण बंद ठेवा, आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. पूर्वेकडे जाळी लावा. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या भोकाच्या स्वस्त जाळीतून साप शिरतो, घूस ती कुरतडून काढते आणि मुंगूस नुसता पंजा घालून कोंबडीचं डोकं ओढतं. रात्रीपुरती प्रत्येक कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते, दिवसा त्या बाहेर फिरणार असतील तर.

तळ भरीव करणार असाल तर तुसाचा चार बोटं थर द्या आणि पावसाळ्यात रोज एकदा मूठ भरून दाबून बघा. मूठ उघडल्यावर तूस भुरभुर सुटलं तर ठीक. लाडू राहिला तर ओल आली. तेवढा भाग काढून टाका आणि थोडी चुनखडी मिसळून नवं तूस घाला. नाकाला अमोनियाचा वास झोंबायला लागेपर्यंत थांबू नका. तोवर कोंबड्यांचे डोळे चुरचुरायला लागलेले असतात.

मे महिन्यात आमच्या कोंबड्या पातळ सालीची अंडी घालत होत्या, दोनदा तर साल नसलेलंच अंडं मिळालं. खुराडं गच्चीवर पत्र्याखाली आहे. खाद्य बाजारातलं चांगलं आहे. असं का होतं?
– एक वाचक, कळवा

तुमचं खुराडं गच्चीवर पत्र्याखाली आहे, हे पत्रातच लिहिलंय. कारण तिथेच आहे.

कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते आणि तसं अंग थंड करते. पण जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. अंड्याची साल कॅल्शियम कार्बोनेटची असते, तिला लागणारं कार्बोनेट या कार्बन डायऑक्साइडमधूनच बनतं. त्यात उकाड्याने कोंबडी खातेही कमी, म्हणजे कॅल्शियमही पोटात कमी जातं. खाद्याच्या पिशवीवर काहीही छापलेलं असो, मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली ती अर्धपोटीच असते.

आमच्याकडे यावर कालवांच्या शिंपा. खाडीकाठच्या घरात त्या फुकट मिळतात. कळव्यालाही खाडी जवळ आहे, मासळीवाल्या मावशींना सांगून ठेवा. शिंपा धुवायच्या, उन्हात कडक वाळवायच्या आणि चुलीवर किंवा जुन्या तव्यावर भाजायच्या. भाजल्या की कडा पांढऱ्या फटक पडतात आणि बत्त्याच्या पहिल्या ठोक्यालाच तुटतात. तांदळाच्या कणीएवढे तुकडे करा, पीठ करू नका. पीठ पोटातून झरकन निघून जातं. तुकडा पेटीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या पोटात, रेंगाळतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळतो, आणि सालीचं बरंचसं काम रात्रीच चालतं. म्हणून शिंपा संध्याकाळी द्या, वेगळ्या वाटीत. जिला हव्यात ती बरोबर खाते. कोंबड्यांच्या आणि तलंगांच्या एकत्र खाद्यात शिंपा मिसळून घालू नका. अंड्यावर न आलेल्या तलंगेला एवढं कॅल्शियम बाधतं, मूत्रपिंडं बिघडतात.

पत्र्यावर पेंढा टाका किंवा ओलं गोणपाट. दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. भर दुपारी दिलेला दाणा पचवताना अंगातली उष्णता आणखी वाढते. पाणी सकाळी अकराला आणि तीनला बदला. गच्चीवरचं पाणी दुपारी चहासारखं तापतं आणि गरम पाणी कोंबडी पीत नाही. कलिंगडाच्या साली टाका, माझ्या कोंबड्या त्यावर तुटून पडतात.

दसऱ्यानंतर कोंबड्यांची पिसं गळतात आणि अंडी बंद होतात. कोणी म्हणतं, रात्री बल्ब लावा. लावू का?
– एक काका, टिटवाळा

काका, नको. तुमच्या कोंबड्या आजारी नाहीत, कात टाकतायत. जुनी पिसं टाकून नवी आणायला दोन-तीन महिने लागतात आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. अंड्यालाही तेच लागतं. दोन्ही एकदम जमत नाही.

बल्बचा सल्ला थंड देशांतून आलाय. तिथे हिवाळ्यात दिवस आठ तासांवर येतो. आपला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. व्यापारी अंडी काढणारे दिव्याने दिवस वाढवतात, त्यांचं गणित वेगळं. परसातल्या पाच कोंबड्यांना विश्रांती घेऊ द्या. सुका जवळा मूठभर द्या, मात्र खारवलेला असेल तर दोन पाण्यांत धुऊन. मीठ जास्त झालं तर त्या पाणी पिऊन पिऊन हगतात. या काळात त्यांना हातात उचलू नका. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं, दाबलं की दुखतं.

दिवाळीत फटाक्यांच्या रात्री खुराड्याला गोणपाट बांधा.

ऐरोलीत आमचं रो-हाउस आहे. चार कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा पहाटे चारला आरवतो आणि शेजारी तक्रार करतात. कोंबडा दिला तर अंडी बंद होतील का?
– एक भगिनी, ऐरोली

अंडी बंद होणार नाहीत. कोंबडी अंडं घालायला कोंबड्याची वाट बघत नाही. फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत. कोंबडा गेल्यावरही दहा-बारा दिवसांची अंडी बहुधा रुजलेली असतात, तेवढी हवं तर रवणाला ठेवून घ्या.

काळोख करून त्याला गप्प करायचा प्रयत्न सोडा. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबड्याची पहाट त्याच्या अंगातच असते. सतत अंधुक उजेडात ठेवला तरी तो आपल्या वेळेला आरवतो. शेजाऱ्यांची झोपही खरी आहे. कोंबडा गावाकडे द्या आणि पिल्लं हवीशी वाटली की कोंबडा असलेल्या घरातून डझनभर अंडी आणून आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवा. ती परकी अंडी आपलीच मानते.

कोंबडा ठेवणाऱ्यांना एक सांगते. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरे, आणि तो दर वर्षी बदला. घरचाच कोंबडा आपल्या लेकींवर राहिला की दोन-तीन पिढ्यांत अंडी वांझ निघायला लागतात, पिल्लं लुळी पडतात. आम्ही घणसोलीचा कोंबडा दिवाळेगावात देतो आणि तिथला आणतो. नवा आणल्यावर तीन आठवड्यांनी अंडी रवणासाठी जमवायला लागा. त्याआधीच्या अंड्यांत जुन्याचंही बीज असू शकतं.

आमच्याकडे मानमोडी (राणीखेत रोग) येऊन गेली. आता नव्या कोंबड्या आणायच्या आहेत. लस कोणती? आणि बर्ड फ्लूची भीती वाटते.
– एक वाचक, शहापूर

तुमच्या तालुक्यात भीती वाटणं स्वाभाविक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरजवळ वेहळोलीत बर्ड फ्लू सापडला होता आणि हजारो पक्षी मारावे लागले होते. आधी मानमोडीचं सांगते. परसातल्या कोंबड्या जास्त करून तिनेच मरतात.

माझ्याकडे ती एकदाच आली, माझ्या आळसाने. फेब्रुवारीची लस मी पुढे ढकलली आणि त्याच महिन्यात बाजारातून एक देखणा कोंबडा आणून थेट कळपात सोडला. पाचव्या दिवशी हिरवी हगवण, सहाव्या दिवशी एका तलंगेची मान वळून पाठीवर गेली. ती दाणा टिपायला बघायची आणि चोच दुसरीकडेच आपटायची. आठवड्यात एकोणीस कोंबड्यांतल्या तीन राहिल्या. एकदा आली की तिच्यावर औषध नाही.

पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी, टोचून. आर-टू-बी लहान पिल्लाला कधीही देऊ नका, ती कडक लस आहे. तारखा डॉक्टरांकडून पक्क्या करून घ्या. आपली खरी अडचण दुसरीच असते: कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची, आणि आपल्याकडे दहा. कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर ती बर्फात हवी. आम्ही बायकांनी यावर तोड काढलीय. दिवस ठरवतो, एकीने कुपी थर्मासमध्ये आणायची आणि सकाळी सहाला, कोंबड्या सुटायच्या आत, घरोघर फिरून आठ वाजेपर्यंत मोकळं व्हायचं. शहापुरात तुमच्या पाड्यावर हे सहज जमेल.

मेलेल्यांची जागा चुन्याने धुऊन महिनाभर उन्हात मोकळी ठेवा. नवीन पक्षी कुठूनही आणा, तीन आठवडे वेगळा ठेवा, आणि त्याचं दाणापाणी सगळ्यांत शेवटी करा.

बर्ड फ्लूचं असं. पाणपक्ष्यांकडून तो येतो. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत मेलेल्या बगळ्यांमध्ये तो सापडला होता. म्हणून कोंबड्यांचं पाणी उघड्या डबक्याचं नको आणि त्यांच्या दाण्यावर बगळे-कावळे उतरू देऊ नका. एकाएकी चार-पाच कोंबड्या मेल्या, तुरे काळेनिळे पडले, तर हात लावू नका, पुरू नका, विकू तर नकाच. पशुसंवर्धन विभागाला कळवा. आपले पक्षी मारतील म्हणून लोक लपवतात. मला ते दुःख कळतं, पण लपवल्याने शेजारच्या लेकरांच्या जिवाशी खेळ होतो. नीट शिजवलेलं मांस आणि अंडी खायला हरकत नाही, सत्तर अंशांवर विषाणू मरतो.

मावशी, मी ऑनलाइन छोटं अंडी उबवणी यंत्र घेतलंय. पिल्लं छान निघाली, पण बल्ब लावूनही पहिल्या रात्री तीन मेली. बल्ब नऊ वॅटचा एलईडी आहे.
– एक विद्यार्थी, बदलापूर

बाळा, तिथेच चुकलं. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. साठ वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब शोध. इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात अजून मिळतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात वीतभर उंचीवर टांग, कागदाला लागणार नाही असा. पहिल्या आठवड्यात तेहतीस-चौतीस अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. खाली वर्तमानपत्र नुसतं घालू नकोस. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पिल्लू अधू होतं. वर तरटाचा तुकडा अंथर.

तापमापक नसला तरी चालेल. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर बल्ब खाली घे. कोपऱ्यांत पळून चोच उघडून बसली तर वर घे. रात्री दोनला एकदा उठून बघ. खोकंभर पसरून, काही टिपत, काही मान टाकून झोपलेली दिसली की तूही जाऊन झोप.